खाऊन बघते

त्या वर्षी मृगाचा पाऊस वेळेवर आला आणि त्याच आठवड्यात माझं जपानला जाणं पक्कं झालं. ओकायामा शहरातल्या एका विद्यापीठात तीन आठवड्यांचा उन्हाळी वर्ग, राहायला एका कुटुंबात. निघायला ३२ दिवस उरले होते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी त्या तारखेभोवती गोल काढला आणि पोटात गोळा आला.

दोन वर्षं मी पुण्यात जपानी शिकत होते. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होणारी जेएलपीटी परीक्षा लागोपाठ दोन वर्षं दिली होती. एन-फाइव्ह झाली, मग एन-फोर झाली. पण त्या परीक्षेत वाचायचं असतं, ऐकायचं असतं आणि उत्तरपत्रिकेवरचे गोल पेन्सिलीने काळे करायचे असतात. बोलायचं काहीच नसतं. फाइलमध्ये दोन प्रमाणपत्रं होती आणि जिवंत जपानी माणसाशी मी आयुष्यात सलग दोन वाक्यं बोलले नव्हते.

वर्गातल्या आम्ही तिघी निघालो होतो. तिघीही सेन्सेईंच्या, म्हणजे आमच्या जपानीच्या बाईंच्या, घरी गेलो. त्या मूळच्या सदाशिव पेठेतल्या, लग्नानंतर बारा वर्षं ओसाकाला राहून आलेल्या. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘रोज संध्याकाळी तासभर या. वह्या आणा. इंग्रजी मात्र घरी ठेवून या.’

त्यांच्या बोलण्याचा अर्थ पहिल्याच संध्याकाळी कळला. बाहेर पाऊस लागलेला, गॅलरीतल्या पत्र्यावर त्याचा आवाज. सेन्सेई म्हणाल्या, ‘समजा, घरच्या बाईंनी तुमच्यापुढे नात्तो ठेवलं. आंबवलेलं सोयाबीन, चमच्याने उचललं की तार सुटते, वास उग्र. तुम्ही कधी खाल्लेलं नाही, पण नाही म्हणायचं नाहीये. काय म्हणाल?’ आम्ही गप्प. माझ्या डोक्यात आधी इंग्रजी वाक्य उभं राहिलं, ‘आय विल ट्राय टू ईट’, आणि मग त्या ‘ट्राय’ला जपानीत काय म्हणतात ते शोधत मी वहीची पानं उलटायला लागले. सेन्सेईंनी वहीवर हात ठेवला.

‘आईने नवीन काही केलं तर घरी काय म्हणतेस?’

‘खाऊन बघते.’

‘मग तेच म्हण की. खाऊन, ताबेते. बघते, मिमास.’

ताबेते मिमास. खाऊन बघते. शब्दाखाली शब्द ठेवला आणि दोन्ही वाक्यं एकमेकांवर तंतोतंत बसली. मिरु म्हणजे डोळ्यांनी बघणं. आपण खाऊन ‘बघतो’ तेव्हा डोळ्यांचा काही संबंध नसतो आणि आपल्याला त्याचं कधी नवलही वाटत नाही. तेच नवल न वाटणं साडेतीन तास आधी सूर्य उगवणाऱ्या देशातही होतं. मी दोन वर्षं हे रूप घोकलं होतं, पण घोकताना मधे एक तिसरी भाषा उभी होती आणि तिच्या अंगावरून मला पलीकडचं काही दिसत नव्हतं.

त्या संध्याकाळनंतर एकेक सापडत गेलं. करून ठेवते, शिते ओकिमास. ओकु म्हणजे ठेवणं. विचारून येते, किइते किमास. कुरु म्हणजे येणं. खाऊन टाकलं याला ते म्हणतात ताबेते शिमात्ता, आणि शिमाउ म्हणजे आवरून आत ठेवणं, संपवणं. आपण टाकतो, ते आवरतात. एवढा एक फरक मला फार आवडला, त्यावर मी त्या रात्री बराच वेळ विचार करत बसले होते.

‘खाते आहे’ला जपानीत ताबेते इरु म्हणतात. इरु म्हणजे असणं, एखाद्या जागी राहणं. मी ‘खात आहे’ आणि ‘खाऊन आहे’ यांच्यामध्ये अडकले. आमच्यातली एक अमरावतीची. ती हळूच म्हणाली, ‘आमच्याकडे म्हणतात ना, मी जेवून राहिली.’ सेन्सेई खुर्चीत पुढे सरकल्या. ‘परत म्हण.’ तिने परत म्हटलं. जेवून राहिली, ताबेते इरु. पुण्यात आल्यापासून तिने ते बोलणं सोडून दिलं होतं, कारण इथे कुणी ना कुणी ते दुरुस्त करायचं. आज तेच तिच्या घरचं बोलणं आमच्या तिघींत जपानीच्या सगळ्यात जवळ निघालं. त्यानंतरचे सगळे दिवस ती वर्गात मोकळेपणाने वऱ्हाडी बोलत होती आणि तिचं जपानी आम्हा दोघींपेक्षा लवकर सुटं झालं. या दोन्हींचा परस्परसंबंध आहे असं मला आजही वाटतं.

हे सगळं नात्यामुळे नाही, हे सेन्सेईंनी वेळीच सांगितलं. मराठी आणि जपानी एका कुळातल्या नाहीत. दोन्ही भाषा क्रियापद शेवटी ठेवतात, संबंध दाखवणारे शब्द नामाच्या मागून लावतात, आणि अशा भाषांची घडण पुष्कळदा सारखी होते. प्रश्न विचारताना शेवटी ते ‘का’ लावतात आणि आपणही ‘का’ लावतो, हा तर निव्वळ योगायोग. सो देस का, असं आहे का. पण योगायोगाचाही आधार घेता येतो. मी घेतला.

एक नातं मात्र खरोखरचं निघालं. हिरागानाचं कोष्टक मी पहिल्या महिन्यातच पाठ केलं होतं, ४६ अक्षरं. त्याचा क्रम कधी नीट ऐकलाच नव्हता. सेन्सेईंनी तो मोठ्याने म्हणायला लावला. आ इ उ ए ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. दुसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज आपोआप शाळेतल्या मुळाक्षरांच्या चालीवर गेला. क-वर्ग, त-वर्ग, त्याचाच न, मग म, मग य र व. ही तर आपली वर्णमाला होती, वाटेत काही अक्षरं गळालेली. ‘हा’ मधेच ‘मा’च्या आधी कसा, असं मी विचारलं. तर ती ओळ फार पूर्वी ‘पा’ अशी उच्चारली जायची, म्हणजे ती प-वर्गाच्या जागीच उभी आहे. उच्चार बदलला, जागा सोडली नाही.

हा क्रम तिथे बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून गेला. मंत्र नीट म्हणता यावेत म्हणून ते सिद्धम् ही आपल्याकडून चीनमार्गे गेलेली लिपी शिकत, आणि तिच्या वर्णक्रमावरून त्यांनी आपल्या भाषेचे ध्वनी मांडले. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ मध्ये जपानला पोचला आणि ७५२ मध्ये नारा इथल्या तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाचे डोळे उघडण्याचा विधी त्याच्या हातून झाला. कूकाई हा जपानी भिक्षू ८०४ मध्ये चीनला गेला आणि तिथे संस्कृत शिकून परतला. समुद्र ओलांडून परक्या भाषेच्या दारात उभं राहण्याआधी ही माणसं कशी तयारी करत असतील, किती महिने, कुणाकडून, हे मी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या डोळ्यांपुढे आणायची. माझे ३२ दिवस त्या मानाने चैनीचे होते.

उच्चारांत मराठीने मला एक मोठी देणगी दिली आणि एक खोडही लावली. देणगी ‘च’ची. जपानीतलं एक अक्षर मराठीत आपण ‘त्सु’ असं लिहितो, त्सुनामीतलं. प्रत्यक्षात तो आपला चुन्यातला, चमच्यातला दंत्य च आहे, अगदी तोच. हिंदी बोलणाऱ्या माझ्या मैत्रिणीला तो जिभेवर बसवायला आठवडे लागले होते. मला सेन्सेई म्हणाल्या, ‘चुलीतला च काढ,’ आणि तो निघाला. देस, मास यांचंही तसंच. लिहायचं ‘देसु’ आणि शेवटचा उ तोंडातच विरवायचा. आपण ‘घर’ लिहितो आणि शेवटचा अ कुठे म्हणतो?

खोड ऱ्हस्व-दीर्घाची. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा हे शाळेत इतकं पक्कं बसवलेलं असतं की जीभही तिथे रेंगाळते. जपानीत रेंगाळलं की अर्थ बदलतो. ओबासान म्हणजे काकू, मावशी, कुणीही मध्यमवयीन बाई. ओबाआसान म्हणजे आजी. मधला आ एक मात्रा जास्त. बिरु म्हणजे इमारत, बीरु म्हणजे बिअर. किते म्हणजे ये, कित्ते म्हणजे पोस्टाचं तिकीट. जोडाक्षराला आपण सरावलेले, पत्ता-कच्चा-पक्का म्हणणाऱ्यांना कित्ते जड जात नाही. पण लांबीसाठी मला टेबलावर बोटाने मात्रा मोजाव्या लागल्या. ओ-बा-आ-सा-न्. पाच टिचक्या. आई भाजी चिरताना माझ्या टिचक्या ऐकायची आणि तिचीही सुरी त्याच लयीत पडायला लागायची.

लिपीच्या बाबतीत मी शहाणपणा केला, असं मला वाटतं. कांजीची, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अक्षरांची, जपान सरकारची रोजच्या वापराची यादी २,१३६ अक्षरांची आहे. मला येत होती जेमतेम तीनशे, आणि त्यात परीक्षेत येणारी पुष्कळ, दारावर येणारी थोडी. महिन्याभरात त्यांत आणखी शंभराची भर घालायचा मोह मी सोडला. त्याऐवजी बाहेर जायची वाट, आत यायची वाट, स्त्रिया, पुरुष, उत्तर दार, दक्षिण दार, मनाई, येन आणि दारावरचं ढकला-ओढा एवढंच पक्कं केलं. ‘ओढा’चं अक्षर मला सगळ्यांत आवडलं. डावीकडे धनुष्य आणि त्याच्या शेजारी एक उभी सरळ रेघ. धनुष्याची प्रत्यंचा ओढतात, म्हणून ओढणं. हे अक्षर मी एका कागदावर मोठं काढून स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवलं. आजी दर वेळी दार ओढताना त्याला हात लावून बघायची.

मग ऐकण्याची तयारी. पुस्तकातली माणसं सावकाश आणि पूर्ण वाक्यांत बोलतात. सेन्सेई दुकानातल्या मुलीचं काम करायच्या आणि आमच्यावर एका दमात सोडायच्या, ‘फुकुरो वा गोरियो देस का?’ पिशवी हवी का. २०२० च्या जुलैपासून तिथे प्लॅस्टिकच्या पिशवीला पैसे पडतात, म्हणून प्रत्येक दुकानात हा प्रश्न येणारच. प्रश्नातला आदरार्थी ‘गोरियो’ मी पुस्तकात पन्नासाव्या धड्याच्या आसपास भेटलेला, म्हणजे शेवटी. आणि दुकानात तो पहिल्याच संध्याकाळी भेटणार. उत्तर सोपं होतं, दाइजोबु देस. शब्दश: ‘ठीक आहे’, पण अर्थ ‘नको’. आपण नाही का म्हणत, ‘असू दे, राहू दे’. तसंच चोत्तो. चोत्तो म्हणजे जरा. कुणी बोलावलं आणि जायचं नसलं की ‘त्या दिवशी चोत्तो…’ म्हणायचं आणि वाक्य हवेत सोडायचं. पुढचं समोरच्याने समजून घ्यायचं. ‘नाही हो, उद्या जरा…’ असं म्हणून फोन ठेवणाऱ्या माझ्या काकांना हे शिकवावं लागलं नसतं.

आमच्यातली तिसरी शाकाहारी. तिला सेन्सेईंनी बजावलं, ‘शाकाहारी आहे एवढं सांगून भागणार नाही, नावं घेऊन सांग.’ निकु मो साकाना मो ताबेमासेन. मांसही नाही, मासेही नाही. ‘मो’ म्हणजे आपला ‘ही’. शिवाय दाशीचं वेगळं सांगायचं, कारण सूपपासून भाजीपर्यंत सगळ्यांत पडणारं ते पाणी पुष्कळदा सुकवलेल्या बोनिटो माशाचं असतं आणि त्यात मासा दिसत नाही. ती ते वाक्य रिक्षात, जिन्यात, आंघोळ करताना म्हणायची.

दर रविवारी सकाळी आम्ही सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जायचो. पुणे-ओकायामा मैत्रीची ती बाग, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली. कोराकुएन १७०० मध्ये पूर्ण झाली, जपानच्या तीन सर्वांत सुंदर बागांपैकी एक म्हणतात. फाटकातून आत शिरलं की मराठी बंद, अशी आमची अट. पहिल्या रविवारी आम्ही हवा, पाणी, मासे एवढ्यावर संपलो आणि अर्धा तास नुसत्या चाललो. दुसऱ्या रविवारी पाऊस मदतीला आला. पावसासाठी जपानीत आवाजाचे शब्द आहेत. पहिले चार थेंब पडतात ते पोत्सुपोत्सु. नुसती भुरभुर लागते ती शितोशितो. धो धो कोसळतो तो झाआझाआ. आम्ही छत्रीखाली उभ्या राहून आकाशाकडे बघत शब्द बदलत होतो आणि एक माळीबुवा आमच्याकडे बघत होते. रिमझिम, टपटप, धो धो यांवर वाढलेल्या कानाला ते शब्द शिकवावेच लागले नाहीत.

मराठीने साथ सोडली अशाही जागा होत्या. आपलं क्रियापद माणूस उघड करतं. मी आले म्हटलं की बाई आली हे कळतं. जपानीत किमाशिता, एवढंच. आलो की आले, कुणी सांगेना. पहिल्यांदा त्या वाक्यात मला रिकामं रिकामं वाटलं, नंतर हलकं वाटलं. आणि आईचं. स्वत:च्या आईबद्दल परक्यांशी बोलताना म्हणायचं ‘हाहा’, दुसऱ्याच्या आईला ‘ओकाआसान’. आपलं ते लहान करून सांगायचं. आईने विचारलं, ‘मला काय म्हणणार तिथे?’ मी सांगितलं. ती खूप हसली, आणि मला ते शब्दाचं लहान होणं टोचत राहिलं.

खरी तालीम तिच्यासमोरच झाली. स्वत:ची ओळख करून देणं हे जपानमध्ये पहिल्या दिवशी दहा ठिकाणी करावं लागतं. हाजिमेमाश्ते. नाव. भारतातल्या पुण्याहून आले. आणि शेवटी योरोशिकु ओनेगाइशिमास. याचं इंग्रजी भाषांतर मी पुस्तकात वाचलं होतं आणि ते कधी मनाला लागलं नव्हतं. सेन्सेई म्हणाल्या, ‘मुलगी नांदायला जाते तेव्हा तिचे वडील काय म्हणतात? सांभाळून घ्या.’ त्यानंतर ते वाक्य म्हणताना माझी मान आपोआप खाली जायला लागली.

रोज रात्री जेवणं झाल्यावर मी ओट्याशी उभी राहून आईला हे सगळं ऐकवायची. ती खाली बसून मेथी निवडत असायची. जपानीचं एक अक्षर तिला येत नव्हतं. पण मी वाक्याच्या मधल्या थांब्यावर आले की ती म्हणायची, ‘हं.’ पुढच्या थांब्यावर, ‘हं, बरं.’ शेवटी, ‘असं का?’ एकदा सेन्सेई फोनवर होत्या आणि मागून आईचं हे ऐकून त्या बोलायच्या थांबल्या. म्हणाल्या, ‘याला तिकडे आइझुचि म्हणतात. ऐकणाऱ्याने मधे मधे हुंकार द्यायचा, नाहीतर बोलणारा घाबरतो, आपलं कुणी ऐकतंय की नाही म्हणून. तू हुंकार देत नाहीस. तू गप्प राहून पुढचं वाक्य जुळवत असतेस. आईकडे बघ.’ मग उरलेले दिवस मी बघितलं. ती मान नुसती हलवत नव्हती, माझा श्वास जिथे सुटायचा तिथे तिचा ‘हं’ यायचा. देठ खुडताना तिचं बोट थांबायचं, मग हुंकार, मग पुढचं देठ.

निघायच्या दिवशी आजीच्या पाया पडले. घरातून जाताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं, हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. जपानी माणूस दारातून बाहेर पडताना म्हणतो, इत्ते किमास. जाऊन येतो. आजीला मी दोन्ही भाषांत सांगितलं.

ओकायामाला पोचले तेव्हा पाऊस संपून कडक ऊन पडलेलं होतं. विद्यापीठातल्या खोलीत माझी ओळख नीट पार पडली, दुकानात पिशवीचा प्रश्न आला, मी राहू दे म्हटलं. घरचे दोघे स्वच्छ, सावकाश बोलायचे. दुसऱ्या दुपारी ते बाहेर गेले आणि घरात मी आणि आजी, ओबाआसान, पाच मात्रांची. वय नव्वदीकडे झुकलेलं. तिने मला जवळ बसवलं आणि बोलायला लागली आणि माझ्या ३२ दिवसांतलं काहीही त्या बोलण्यात नव्हतं. ‘फार’ला तोतेमो नाही, देऽरेऽ. ‘म्हणून’ला दाकारा नाही, जाकेऽ. ओकायामाची ती जुनी बोली, शब्दांच्या कडा झिजून गोल झालेल्या. पुस्तकी मराठी शिकून कुणी थेट अचलपूरच्या ओसरीवर येऊन बसावं तसं माझं झालं. मी एक वाक्य पकडायला गेले की पुढची तीन निसटत होती.

मग मी पकडायचं सोडून दिलं. तिचे हात बघत बसले. तिने पांढरट गुलाबी पीच घेतला होता, तिकडचा जुलैतला प्रसिद्ध पीच, आणि सुरीच्या टोकाने त्याची साल पातळ, सलग सोडवत होती. साल अडली की ती बोलायची थांबायची. तिथे मी म्हटलं, ‘हं.’ ती पुढे बोलली. पुन्हा थांबली. ‘एए,’ मी म्हटलं. ‘सो देस का.’ असं का. ती हसली आणि आवाज आणखी मोठा करून बोलायला लागली, यजमानांबद्दल असावं, नाहीतर एखाद्या पुराबद्दल, मधे हात छातीच्या उंचीवर धरून काहीतरी दाखवलं. मी प्रत्येक थांब्यावर तिथे होते.

रसाने तिचं मनगट ओलं झालं होतं. तिने एक फोड कापली, सुरीच्या पात्यावरच माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, ‘ताबेते मिरारेऽ.’

शेवटचं शेपूट माझ्या ओळखीचं नव्हतं. मी फोड उचलली.